चिऱ्याची घासलेली कड

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या मुलाच्या मोबाइलवर पाठवते आहे, तो वाचून दाखवील. आईसाठी बांधलेल्या वाफ्याबद्दल समोर आभार मानायला आले तेव्हा तुम्ही "होय, होय" म्हणत सामान आवरायला लागलात आणि माझं बोलणं राहून गेलं. म्हणून आता चारचौघांसमोर लिहिते.

आमचं घर रत्नागिरीबाहेर सड्यावर. अंगण म्हणजे सलग कातळ, पहार मारली तर हाताला झिणझिण्या येतात. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण इथे तो मुरत नाही, अंगणभर धावतो आणि उताराने निघून जातो. मे महिन्यात त्याच कातळावर अनवाणी पाय ठेववत नाही. आई वाढली गुहागरकडच्या आगरात, नारळी-पोफळींच्या सावलीत. परकर खोचून शिंपणं करणारी मुलगी ती. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, डावा हात आणि पाय गेला. तेव्हापासून ओटीवर बसून नुसती अंगणाकडे बघायची. वाकता येत नाही, उभं राहवत नाही. उजवा हात मात्र ठणठणीत. त्या एका हातासाठी मला माती हवी होती.

तुमच्याआधी तिघं येऊन गेले. एकाने आगाऊ पैसे घेऊन दोन डंपर लाल माती कातळावर ओतली, तिला बांध काही घातला नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती सगळी शेजाऱ्यांच्या दारातून वाहत रस्त्यावर गेली. दोन दिवस मी लोकांच्या पायऱ्या धूत होते. त्याने त्यानंतर फोन उचलला नाही. दुसऱ्याने माती भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या विकल्या. एप्रिलात खालून कातळ तापला आणि मुळं शिजली. तशाही त्या पिशव्यांना वाकल्याशिवाय हात लागत नव्हता, आणि विकताना आई त्याच्या डोळ्यांसमोर बसलेली होती. तिसरा तिच्यादेखत मला म्हणाला, "ह्यांना आता कशाला भाजीचा त्रास? टाइल्स घालून घ्या." आईला चांगलं ऐकू येतं. त्या रात्री ती जेवली नाही. पैसे गेले ते गेले, त्या वाक्याचा राग अजून उतरलेला नाही.

तुम्ही आलात तेव्हा मी जागा दाखवायला अंगणात उतरले, पण तुम्ही आधी ओटीवर चढलात. "मावशी, काय लावणार?" माठ, भेंडी, मिरची, ती म्हणाली. तीन वर्षांत तिला असं काही कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मग तिची खुर्ची तुम्ही स्वतः खाली आणलीत, आपण दोघांनी तिला बसवलं, आणि हात पुढे करून तिची बोटं जिथवर पोचली तिथे तुम्ही कोळशाने रेघ ओढलीत. मला तीन फूट रुंद वाफा हवा होता, तुम्ही आतून दीडच फूट ठेवलात. जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचे तीन थर झाल्यावर थांबलात, कारण चौथा चढवला असता तर तिला खांदा उचलावा लागला असता. उताराच्या अंगाला पाणी जायला खालच्या थरात फटी ठेवल्यात, तळाशी नारळाची सोडणं आणि सुका पातेरा घालायला लावलात. हे सगळं चांगल्या गवंड्याचं काम, त्याचे पैसे मी दिले आणि तुम्ही घेतलेत. तुम्ही जे हिशेबात धरलंच नाहीत, त्यासाठी हे पत्र आहे.

शेवटच्या दिवशी थापी धुऊन झाली होती, मुलगा गाडी चालू करून उभा होता. तुम्ही वरच्या थरावरून हात फिरवलात आणि परत खाली बसलात. "मावशींचा हात इथं टेकणार. सोलून निघेल." जांभ्याची कड किती खरबरीत असते ते कोकणात कुणाला सांगायला नको. त्यातून आईची कातडी आता कागदासारखी झाली आहे, आणि रक्त पातळ होण्याच्या गोळ्यांमुळे साधं खरचटलं तरी काळानिळा डाग कितीतरी दिवस जात नाही. हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही फुटक्या चिऱ्याचा तुकडा घेतलात आणि कड घासायला लागलात. खाणीतून नुकता आलेला चिरा मऊ असतो, उघड्यावर राहून घट्ट होत जातो, म्हणून आत्ताच घासायला हवा, एवढंच म्हणालात. पाऊण तास घासत होतात. तांबडी पूड तुमच्या गुडघ्यांवर, भुवयांवर. मग बाही वर सारून स्वतःचा हात कोपरापासून मनगटापर्यंत त्या कडेवरून ओढलात. एका जागी अडलात, तिथे पुन्हा घासलंत, पुन्हा हात ओढून पाहिलात. आई ओटीवरून बघत होती. तुम्ही गेल्यावर तिने मला विचारलं, "त्याची आई आहे का गं?" मला माहीत नव्हतं.

तिच्या आजारपणात कितीतरी माणसं घरी येऊन गेली, शिकलेली, मोठी. बहुतेक सगळी तिच्याबद्दल माझ्याशी बोलली. तिच्याशी बोललात ते तुम्ही. भली माणसं पुष्कळ असतात काका, पण ती कामात असतात, बोलायला थांबत नाहीत, म्हणून फसवून गेलेल्यांचीच आठवण जास्त काढली जाते. मी तरी तसंच करत आले.

परवा ऋषीपंचमी झाली. बैलाचे कष्ट न लागलेलं, हाताने पिकवलेलं खायचं या दिवशी. गेली तीन वर्षं बाजारची भाजी पानात पडली की आई विचारायची, "ही खरंच हाताची आहे ना?" यंदा विचारलं नाही. भेंडी आणि माठ तिच्या वाफ्यातला, तिनेच खुडलेला. खुडताना तिचा हात त्या कडेवर टेकलेला असतो. अजून एक ओरखडा नाही.

तुमचा वाटा घेऊन भाऊ तुमच्याकडे गेला होता, तर तुम्ही संगमेश्वरला कामावर. डबा काकूंकडे दिला आहे. तो परत द्यायला मुलाला पाठवू नका, तुम्हीच या. मिरचीला फुलं आली आहेत, ती आईला तुम्हाला दाखवायची आहेत. आणि तिचा तो प्रश्न ती आता तुम्हालाच विचारणार आहे.

तुमची,
ओटीवरच्या मावशींची मुलगी