प्रवाळभित्तीवर नवी पिढी रुजते का, हेही मोजावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

समुद्राचे पाणी तापले की प्रवाळ पांढरे पडतात आणि ताप टिकला तर मरतात, हे आता वृत्तपत्रांच्या वाचकांना चांगले परिचयाचे झाले आहे. एप्रिल २०२४ मध्ये चौथ्या जागतिक विरंजनाची, म्हणजे प्रवाळ पांढरे पडण्याच्या घटनेची, घोषणा झाली, तेव्हाही चर्चा झाली ती किती प्रवाळ पांढरे पडले आणि किती मेले याचीच. परंतु एखादी भित्ती पुन्हा उभी राहील की नाही, हे केवळ मृत वसाहती, म्हणजे एकत्र वाढलेल्या प्रवाळजीवांचे समूह, मोजून कळत नाही. तिच्यावर दरवर्षी किती नवी पिल्ले येऊन चिकटतात आणि त्यांतली किती जगतात, यावर ते ठरते. या बाजूकडे बातम्यांचे आणि संवर्धनाच्या योजनांचेही लक्ष फार कमी जाते, म्हणून हे पत्र.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर वसंताच्या अखेरीस, पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत अनेक जातींचे प्रवाळ एकाच वेळी बीजांडे आणि शुक्राणू पाण्यात सोडतात. हा सामूहिक प्रजननाचा प्रकार विज्ञानाला नीट कळला तोच मुळी १९८०च्या दशकाच्या आरंभी. फलनानंतर दोन-तीन दिवसांत सूक्ष्म केसांच्या साहाय्याने पोहणारा, जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा डिंभ, म्हणजे प्रवाळाची अळी, तयार होतो. त्याला प्लॅन्युला म्हणतात. प्रवाह नेईल तिकडे तो जातो हे खरे, पण जागा निवडताना तो मुळीच आंधळा नसतो. तळाशी आल्यावर आपल्या पुढच्या टोकाने तो खडक चाचपतो, नापसंत पडल्यास उठून पुढे जातो आणि पुन्हा चाचपतो. खडकावर पसरणाऱ्या गुलाबी, चुनखडीयुक्त शैवालाची आणि त्यावरील जिवाणूंच्या थराची रासायनिक खूण मिळाली, तर तेथे स्थिरावण्याकडे अनेक जातींच्या डिंभांचा कल असतो. कॅरिबियन समुद्रातील प्रयोगांत तर ते निरोगी भित्तीवरच्या मासे-कोळंब्यांच्या आवाजालाही प्रतिसाद देतात असे दिसून आले आहे.

जागा पसंत पडली की डिंभ पुढच्या टोकाने खडकाला चिकटतो, चपटा होऊन चकतीसारखा पसरतो, वरच्या बाजूच्या तोंडाभोवती शुंडके फुटतात आणि बुडाशी चुन्याचा पहिला थर बसू लागतो. हा पहिला पॉलिप, म्हणजे वसाहतीतला पहिला प्रवाळजीव. त्याला अन्न पुरवणारे सूक्ष्म शैवाल बहुतेक जातींत आईकडून मिळत नाही. ते त्याला भोवतालच्या पाण्यातून मिळवावे लागते. पुढे त्याला कळ्या फुटून वसाहत वाढते. मात्र पहिल्या काही महिन्यांत हा जीव इतका लहान असतो की गाळाचा पातळ थर किंवा शेजारचे वाढलेले शेवाळही त्याला गुदमरवून टाकते. चिकटलेल्या पिल्लांपैकी बहुतेक सगळी पहिल्या वर्षातच नाहीशी होतात. म्हणूनच शेवाळ चरणारे पोपटमासे आणि समुद्री साळू (काटेरी, गोलसर सागरी जीव) यांचे भित्तीवर असणे इतके महत्त्वाचे ठरते. १९८३-८४ मध्ये कॅरिबियनमधील काळे साळू रोगाने मोठ्या प्रमाणावर मेले, तेव्हा खडक शेवाळाने भरून गेले आणि डिंभांना टेकायला जागाच उरली नाही.

दुसरा धोका याहून मूळचा आहे. ग्रेट बॅरियर रीफवर २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षे विरंजन झाले. त्यानंतर २०१८ मध्ये संशोधकांनी समुद्रात ठेवलेल्या फरशांवर किती पिल्ले चिकटली ते मोजले. पूर्वीच्या तुलनेत त्यांची संख्या ८९ टक्क्यांनी घटली होती, आणि भित्तीला फांद्यांचा व मेजासारखा पसरट आकार देणाऱ्या ॲक्रोपोरा प्रवाळांत ही घट ९३ टक्के होती. आई-बापच मेल्यावर डिंभ येणार कोठून? ही गोष्ट केवळ वसाहती मोजून इतक्या स्पष्टपणे कधीच कळली नसती.

पुनर्स्थापनेच्या कामातही याचा विचार व्हावा असे मला वाटते. प्रवाळांचे तुकडे चौकटींवर बांधून वाढवण्याची पद्धत उपयुक्त आहे, पण एका वसाहतीचे सारे तुकडे आनुवंशिकदृष्ट्या एकच असतात. प्रत्येक डिंभ मात्र आनुवंशिक गुणांची नवी जुळणी घेऊन येतो. फिलिपाइन्समध्ये सुरुंगाच्या मासेमारीने उद्ध्वस्त झालेल्या एका भित्तीवर डिंभ जाळीच्या आडोशात सोडण्यात आले, आणि त्यांतून वाढलेल्या वसाहती तीन वर्षांत स्वतः प्रजनन करू लागल्या.

आपल्याकडे मालवणचे सुमारे २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत कठीण प्रवाळांना संरक्षणही आहे. पण संरक्षणाची आपली कल्पना डोळ्यांना दिसणाऱ्या प्रवाळापुरतीच राहते. आज ज्या खडकावर काहीच दिसत नाही, तोच उद्याच्या डिंभाच्या टेकण्याचा खडक असू शकतो. पर्यटकांच्या होड्यांचा नांगर त्यावर घासला किंवा किनाऱ्यावरील बांधकामाची माती त्यावर बसली, तर कोणाच्याच नोंदीत ती हानी येत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात प्रवाळांच्या प्रजननाच्या दिवसांत बंदरांतील गाळउपसा थांबवण्याची अट घातली जाते. आपल्याकडेही किनारी कामांना परवानगी देताना अशी अट घालणे अवघड नाही.

वनखाते आणि सागरी संशोधन करणाऱ्या संस्था यांना आपल्या पत्राद्वारे माझी विनंती आहे की मालवणच्या खडकांवर, आणि शक्य झाल्यास विजयदुर्गाच्या पश्चिमेला खोल समुद्रात असलेल्या आंग्रिया बँक या पाण्याखालच्या पठारावरही, साध्या फरशा लावून दरवर्षी किती पिल्ले चिकटतात याची नोंद ठेवावी आणि ती लोकांसमोर मांडावी. स्नॉर्केलिंगच्या जागी होड्यांनी नांगर टाकू नये, यासाठी कायमचे बोये बांधून द्यावेत. स्थानिक होडीवाल्यांना या कामात सुरुवातीपासून सोबत घेतले, तर फरशा सांभाळण्याचे आणि काढून आणण्याचे काम ते बाहेरच्या कोणाहीपेक्षा चांगले करतील.

आपला,
एक वाचक, सिंधुदुर्ग