सातभाईंच्या घरट्यात हात घालू नका

महोदय,

मृगाच्या तोंडावर आमच्याकडे पावश्या ‘पेरते व्हा’ म्हणत दिवसभर ओरडतो. त्याची मादी मात्र घरटं बांधत नाही, सातभाईंच्या घरट्यात अंडं घालते. आमच्या शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बोरीत असं घरटं आहे. सगळी अंडी निळीशार, कोणतं कुणाचं ते माणसालाही कळू नये इतकी सारखी. सातभाई ते अंडं उबवतात आणि परकं पिल्लूही वाढवतात.

सगळेच पक्षी असे फसत नाहीत. अमेरिकेतला रॉबिन पक्षी, पावश्यासारखंच दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालणाऱ्या काऊबर्ड पक्ष्याचं ठिपक्यांचं अंडं ओळखून बाहेर फेकतो. आफ्रिकेतल्या एका वटवट्या पक्ष्याची तर प्रत्येक मादी वेगळ्या रंगाची, वेगळ्या नक्षीची अंडी घालते, म्हणून परकं अंडं तिच्या लगेच नजरेत भरतं.

परकं अंडं ठेवायचं की टाकायचं, हा निवाडा पक्ष्यांचा आहे. गावात काही जण सातभाईंची कीव येऊन अंडी काढून टाकतात, ते थांबायला हवं. १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार तो गुन्हाही आहे. शिवाय पावश्या केसाळ अळ्या खातो, म्हणजे फायदा आपल्याच पिकाचा. धुरे साफ करताना बोरी-बाभळी निदान पावसाळाभर तोडू नयेत, ही शेतकरी बांधवांना कळकळीची विनंती.

– एक शेतकरी वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ