काटा शून्यावर येत नाही म्हणून मेगर बाद?

महोदय,

आमच्या तालुक्यातल्या एका सरकारी कार्यशाळेचं जुनं सामान गेल्या मे महिन्यात भंगारात निघालं. गोणीतून हाताने फिरवायच्या ५०० व्होल्टच्या मेगरचं हँडल डोकावत होतं. मेगर म्हणजे तारांचं इन्सुलेशन, वीज गळू न देणारं आवरण, धड आहे का ते मोजायचा मीटर. झाकणावर खडूने 'बाद'. का, म्हणून विचारलं तर भंगारवाला म्हणाला, "काटो शून्यार येणा नाय, म्हणान काढल्यानी."

मोटरी भरण्यात माझी चाळीस वर्षं गेली, म्हणून सांगतो. या जातीच्या मेगरमध्ये काट्याला मागे ओढणारी स्प्रिंगच नसते. हँडल थांबलं की काटा कुठेही लोळतो. तारा सुट्या ठेवून फिरवा, काटा अनंतावर जायला हवा. टोकं एकमेकांना टेकवून फिरवा, शून्यावर. बाद करणाऱ्याने हँडलला हात तरी लावला होता का?

वजनाच्या भावाने घेऊन आलो. तारा सुट्या असूनही काटा २० मेगओहमच्या (हे इन्सुलेशनच्या रोधाचं माप, जितकं जास्त तितकं चांगलं) पुढे सरकेना. लगेच खोलला नाही. टर्मिनलभोवतीच्या बेकेलाइटवर बोट फिरवलं तर चिकट लागलं. आपल्याकडचं खारं वारं! करंट त्या थरावरूनच गळत होता. स्पिरिटचा बोळा फिरवला, काळाकुट्ट निघाला. मग दोन रात्री बल्ब लावलेल्या कपाटात ठेवला आणि काटा अनंतावर गेला. जनरेटरचे कार्बन ब्रश झिजले होते, तेवढे बदलले. चुंबकाच्या स्क्रूंना मात्र हात लावला नाही. चुंबक जागचा हलवला की त्याची ताकद उतरते, हे मी उमेदवारीत एक मीटर घालवून शिकलो.

दिवाळीनंतर शेजारच्या बागेतला विहिरीवरचा पंप तपासला, अर्थात मेन काढून. पावसाळाभर बंद होता. मल्टिमीटर म्हणे सगळं ठीक. तो बिचारा दोन-चार व्होल्टांवर बघणार. मेगरने ०.२ मेगओहम दाखवलं, म्हणजे ओल धरलेलं इन्सुलेशन वीज गळू देत होतं. मोटर खोलून तीन दिवस उन्हात ठेवली, तेव्हा काटा ५ च्या वर गेला. नवे डिजिटल मेगरही हे काम उत्तम करतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. फक्त सेल आतच ठेवून पावसाळा काढला की तेही गंजतात.

मागणी एवढीच, की 'बाद' लिहिण्याआधी असे मीटर आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन, वायरमनच्या मुलांपुढे आठवडाभर ठेवावेत. त्या भंगारवाल्याकडे अजून दोन आहेत म्हणे. उद्या सकाळी जातो आहे.

– एक निवृत्त मोटर रिवाइंडर, वेंगुर्ले