काटेरी तारेला पर्याय आहे, घरच्या घरी होतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना आला की आमच्या कोकणात पावसाआधी परसबागेचं कुंपण उरकायची घाई असते आणि हल्ली बरेचजण सरळ काटेरी तार आणून खांबांना ओढून मोकळे होतात. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या काकूंची पाडी अशाच तारेत अडकली, मानेखाली वीतभर कातडी फाटली, आणि ती तार आमची होती. मी त्याच आठवड्यात ती काढून टाकली. डुकरांसाठी तारेत करंट सोडणारेही आहेत, त्यात माणसं गेल्याच्या बातम्या तुम्हीच छापता. हे थांबायला हवं असं मनापासून वाटतं म्हणून लिहितोय.

मी लाकडी चौकटीत वेल्ड मेश जाळी (तारा एकमेकींना वेल्ड केलेली चौकोनी भोकांची जाळी) बसवून कुंपण केलं, सुताराशिवाय. कौलं काढून पत्रे घातले तेव्हाचे जुने वासे पडून होते, पक्कं सुकलेलं लाकूड, त्याच्याच 6 बाय 4 फुटाच्या चौकटी केल्या. 4 फूट रुंदीच्या 50 फुटी रोलमध्ये अशा 8 चौकटी होतात. चौकट जमिनीवर आडवी ठेवून दोन्ही कर्ण सुतळीने मोजायचे, दोन्ही 7 फूट अडीच इंच भरले की काटकोन बरोबर, मगच जाळी ठोकायची. चौकटी खांबांना बसवायला खिळ्यांपेक्षा स्क्रू बरे, कारण पावसात लाकूड फुगतं, उन्हात आकसतं आणि खिळे ढिले होतात, शिवाय एखादी चौकट कुजली तर तेवढीच सोडवून बदलता येते.

माझी एक चूक सांगतो. जाळी मी आधी आतल्या बाजूने ठोकली होती, बाहेरून बकरीने रेटा दिला आणि एका रात्रीत सगळे यू खिळे उपटून निघाले. जनावर ज्या बाजूने ढकलतं त्याच बाजूला जाळी हवी, म्हणजे रेटा चौकटीवर येतो, खिळ्यांवर नाही.

खरं मरण खांबाच्या बुडाशी असतं. पाणी मुरतं, वाळवी लागते. आमचे जुने लोक बूड भाजून काळं करायचे, वर डांबर फासायचे, मी तेच केलं. 2 फूट खड्डा, तळाला खडी म्हणजे पाणी साचत नाही, आणि वर माती चोपून उतार दिला. दोन पावसाळे झाले, एकही खांब हललेला नाही.

वांदर यावरून उडी मारून येतातच आणि मोठं डुक्कर अडेलच असं नाही. पण बकऱ्या, गुरं, कुत्री, कोंबड्या यांच्यापासून भाजी वाचते आणि मुक्या जनावराला इजा होत नाही.

विनंती एवढीच की तुमच्या रविवारच्या पुरवणीत एप्रिलमध्येच याची मापांसकट आकृती छापावी, मे उजाडला की लोक तार घेऊन आलेले असतात.

आपला एक वाचक,
ता. लांजा, जि. रत्नागिरी