प्लॅन वाढवण्याआधी राउटरची जागा बदला

महोदय,

घरात वाय-फाय नीट चालत नाही म्हटले, की मुंबईतील अनेक कुटुंबे जास्त वेगाचा प्लॅन घेतात किंवा रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारे उपकरण) विकत आणतात. हा खर्च पुष्कळदा अनाठायी ठरतो. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून वेग मोजावा. तेथे पुरेसा वेग मिळत असेल, तर दोष कंपनीच्या जोडणीत नसून घरातल्या वाटेत आहे आणि महागड्या प्लॅनने आतल्या खोलीत काहीही फरक पडणार नाही.

आपल्याकडे तार दारावरून आत येते, म्हणून राउटरही दारामागे, चपलांच्या कपाटावर किंवा टीव्हीच्या मागे बसवला जातो. तेथून निघालेल्या लहरींना लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि एक-दोन भिंती ओलांडाव्या लागतात. गिरगाव-लालबागच्या जुन्या इमारतींतील जाड भिंती असोत वा नव्या टॉवरमधील सलग काँक्रीटच्या, दोन्ही सिग्नल अडवतात. त्यातही वाय-फाय ज्या लहरपट्ट्यांवर (बँड) चालते, त्यांपैकी 5 गिगाहर्ट्झचा बँड वेगवान असला तरी भिंतीपलीकडे 2.4 गिगाहर्ट्झपेक्षा लवकर क्षीण होतो. राउटर घराच्या शक्य तितक्या मध्यभागी, उंचावर आणि उघड्यावर ठेवावा, अँटेना उभ्या ठेवाव्यात. जोडणी करून देणाऱ्यांनीही पहिल्याच दिवशी तेवढी लांब तार द्यावी, ही माझी आग्रहाची विनंती आहे, कारण फायबरची ही तार नंतर वाढवणे ग्राहकाच्या हातचे काम नाही.

दाट वस्तीत दुसरी अडचण शेजाऱ्यांच्या राउटरांची असते. 2.4 गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल (बँडमधील क्रमांक दिलेले छोटे पट्टे) सर्वसाधारणपणे तीनच धरले जातात: 1, 6 आणि 11. मधलाच 3 किंवा 8 निवडला, तर दोन्ही बाजूंच्या घरांना अडथळा होतो. एका मजल्यावरच्या कुटुंबांनी हे तीन चॅनेल आपसांत ठरवून वाटून घ्यावेत आणि चॅनेलची रुंदी 20 मेगाहर्ट्झ ठेवावी. याला एक पैसाही लागत नाही.

एवढे करूनही एखादी खोली कोरडीच राहिली, तर घरात पडून असलेला जुना राउटर कामी येतो. त्याच्या सेटिंगमधील डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करावे, त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कमधील ओळखक्रमांक) मुख्य राउटरहून वेगळा ठेवावा आणि साध्या लॅन केबलने दोघांचे लॅन पोर्ट जोडावेत. एकाच बँडवर चालणाऱ्या स्वस्त रिपीटरमध्ये वेग जवळजवळ निम्मा होतो. केबलने तो टिकतो, आणि 100 मीटरपर्यंत चालणारी ही केबल कोणत्याही घराला पुरून उरते.

ती केबल न्यायची कोठून, हा प्रश्न मात्र घर बांधून झाल्यावर अवघड होतो. म्हणून पुनर्विकासाच्या वाटाघाटी करणाऱ्या सोसायट्यांनी प्रत्येक खोलीपर्यंत, विजेच्या तारांपासून वेगळा, एक रिकामा पाइप भिंतीत टाकून देण्याची अट विकासकाच्या करारात लेखी घालून घ्यावी.

– एक वाचक, परळ, मुंबई