डेमोचा ट्रॅक्टर बिलावरही डेमोच दिसू द्या : कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, नमस्कार.

दोन वर्षांपूर्वीच्या गुढीपाडव्याला माझ्या चुलतभावाने ट्रॅक्टर घेतला. शोरूमच्या दारात मांडव, हार, पेढे, फोटोसाठी पुठ्ठ्याची हातभर चावी. इंजिन किती तास चालले ते दाखवणाऱ्या मीटरवर ६ तास. घरी आणल्यावर काकूने ओवाळले आणि काका खाली वाकले. काकांनी जन्मभर बाजारात बैल पारखून घेतले. बैलाचे दात बघावेत तशी त्यांनी आधी अवजार जोडायच्या मागच्या लिंकची भोके बघितली. भोकांभोवतीचा रंग उडून लोखंड चकाकत होते. पीटीओच्या, म्हणजे मागचे अवजार फिरवणाऱ्या दांड्याच्या, खाचा घासलेल्या. मग मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यात पान्ह्याचे टोक घातले, तर वाळलेल्या मातीचे ढेकूळ खाली पडले. लाल. आमच्या शिवारात औषधालाही लाल माती नाही, साहेब. सगळी काळी, कापसाची, पावसात पायातली चप्पल ओढून घेणारी.

शोरूमला फोन लावला. उत्तर आले, ‘यार्डातून आणताना लागली असेल.’ काकांनी विचारले, ‘रस्त्यानं आणताना पीटीओ कशाला फिरवावा लागतो?’ फोन कट झाला.

तो ट्रॅक्टर डेमोचा होता. पुढे शोरूममधल्याच एका मेकॅनिकने चहा पिता पिता सांगितले की हंगामभर तो गावोगाव फिरून रोटा, म्हणजे माती भुसभुशीत करणारे अवजार, मारत होता.

डेमोला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. सात-आठ लाखांची वस्तू कुणी कॅटलॉग बघून घेत नाही. आपल्या रानात, आपल्या नांगराला, आपल्या चढावर ती किती दम धरते, डिझेल किती पिते, हे बघूनच घ्यायची असते. आणि खरे बोलायचे तर यात आम्ही शेतकरीही काही धुतल्या तांदळासारखे नाही. आमच्याकडे असे बहाद्दर आहेत की ऐन पेरणीच्या तोंडावर चार कंपन्यांचे डेमो लागोपाठ बोलावतात, प्रत्येकाकडून दोन-दोन एकर रोटा मारून घेतात आणि शेवटी ‘घरी विचारून सांगतो’ म्हणतात. सेल्समनलाही महिन्याचे डेमो मोजून दाखवायचे असतात, त्यामुळे तोही हसत येतो. एकदा तर डेमोचा ट्रॅक्टर आमच्या शेजाऱ्याकडे चार दिवस मुक्कामाला होता. चावी देऊन सेल्समन निघून गेला होता.

म्हणजे हा ट्रॅक्टर कसा राबतो ते बघा. रोज नवा चालवणारा. त्यातला एखादा क्लचवर पाय ठेवूनच बसणारा. नव्या इंजिनावर पहिले ५० तास जास्त लोड टाकू नका, असे कंपन्याच सांगतात, आणि डेमोत तर पहिल्या दिवसापासून ताकदच दाखवायची असते. पहिली सर्व्हिस साधारण ५० तासांना असते. इंजिनात सुरुवातीला झिजून पडणारा लोखंडाचा चुरा त्या वेळी ऑइलबरोबर बाहेर जातो. मीटर ६ तासांवर थांबवलेले असेल, तर माझा भाऊ ती सर्व्हिस आणखी ४४ तासांनी करणार. त्याच्या हिशोबाने वेळेवर, इंजिनाच्या हिशोबाने कितीतरी उशिरा.

मीटर थांबवणे अवघड आहे का? जुन्या पद्धतीच्या मीटरला इंजिनाकडून एक केबल येते. ती काढून ठेवली की ट्रॅक्टर चालतो, तास चालत नाहीत. शिवाय हा तास घड्याळाचा नसतो. अशा मीटरवर तो इंजिनाच्या फेऱ्यांवरून पडतो, कमी फेऱ्यांवर चालवला की सावकाश पुढे सरकतो. हे आम्हाला माहीत आहे, डीलरला आमच्याहून जास्त माहीत आहे.

कायदा नाही असे नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वापरलेली किंवा जुनी वस्तू नवी म्हणून विकणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, कलम २(४७). भावाने चौकशी केली. वकिलांचा पहिला प्रश्न होता, ‘पुरावा काय?’ बिलावर नवा ट्रॅक्टर, मीटरवर ६ तास, आणि आमच्याकडे लाल मातीचे ढेकूळ. हप्ता सुरू झालेला, जालन्याला ग्राहक आयोगाच्या खेपा घालायला दिवस मोडणार. भाऊ गप्प बसला.

पण पुरावा असतो, साहेब. प्रत्येक डेमोनंतर सेल्समन वही पुढे करतो. शेतकऱ्याचे नाव, गाव, मोबाईल, सही, ट्रॅक्टरसोबत फोटो. मी स्वतः अशी सही दोनदा केली आहे. कोणत्या ट्रॅक्टरने किती रानात काम केले याचा हिशोब डीलरकडे तयार असतो. विकत घेणाऱ्याच्या हातात तेवढा तो येत नाही.

आता आपल्या खात्याकडे येतो, कारण खरी गोम इथे आहे. भावाला महाडीबीटीवरून, म्हणजे राज्य सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवरून, अनुदान मंजूर होते. अर्ज, निवड, कोटेशन, पूर्वसंमती, खरेदी, बिल अपलोड, मग मोका तपासणी, म्हणजे जागेवर येऊन पाहणी. कृषी सहायक आले, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर जुळवला, भावाला ट्रॅक्टरशेजारी उभा करून फोटो काढला आणि गेले. भला माणूस होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. तासांच्या मीटरकडे बघा, असे त्याच्या कागदावर लिहिलेच नव्हते.

अनुदान फक्त नव्या ट्रॅक्टरला. म्हणून जो डीलर सरळ सांगेल की ‘हा डेमोचा आहे, ७० तास चाललाय, एवढे पैसे कमी घेतो’, त्याचे अनुदानाचे गिऱ्हाईक जाणार. जो मीटरची केबल काढून ठेवेल त्याचे राहणार. नियमाने असे कुठे म्हटलेले नाही, पण हिशोब तसाच पडतो. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. आमच्यासाठी चांगलेच झाले. पण नवा ट्रॅक्टर स्वस्त झाला की डेमोचा आणखी स्वस्तात द्यावा लागतो, आणि तो नव्यातच खपवण्याचा मोह तेवढाच वाढतो.

सरळ व्यवहारही होतो. माझ्या मेहुण्याने सांगून-सवरून डेमोचा ट्रॅक्टर घेतला. ८० तास झालेला, किंमत चांगलीच कमी, ऑइल बदलून दिलेले, वॉरंटी खरेदीच्या तारखेपासून, सगळे लेटरहेडवर लिहून. अनुदान सोडले. आज तो ट्रॅक्टर माझ्या भावाच्या ट्रॅक्टरपेक्षा बरा चालतो. चार एकरवाल्याला असा सौदा परवडतो, म्हणून डेमोची विक्री बंद करा असे मी म्हणणार नाही.

पूर्वसंमतीच्या पत्रात एक ओळ वाढवा. बिलासोबत डीलरने सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावे की हा ट्रॅक्टर डेमोला वापरला होता की नाही, वापरला असेल तर किती तास आणि कधीपासून. मोका तपासणीच्या नमुन्यात मीटरच्या फोटोचा एक रकाना घाला. मीटर खोटे बोलू शकते, मान्य. पण लिहून दिलेला कागद खोटा निघाला तर तो ग्राहक आयोगापुढे ठेवता येतो, तिथे मातीचे ढेकूळ चालत नाही. आणि जाहीर केलेल्या, समजा १०० तासांच्या आतल्या, डेमो ट्रॅक्टरला थोडे कमी का होईना अनुदान द्यायचा विचार करा. खरे बोलणाऱ्या डीलरचे गिऱ्हाईक तुटू नये, एवढ्यासाठी. यात केंद्राची परवानगी लागत असेल तर तशी शिफारस दिल्लीला पाठवा. सोबत हेही लिहा की आरटीओत जाणाऱ्या फॉर्म २१ मध्ये, म्हणजे विक्री प्रमाणपत्रात, डेमोची नोंद यावी.

एक गोष्ट आपल्या खात्याची नाही, तरी परिवहनमंत्र्यांच्या कानावर घाला. पासिंग न झालेला डेमो ट्रॅक्टर डीलरच्या ट्रेड सर्टिफिकेटवर, म्हणजे नोंदणीआधी गाडी रस्त्यावर आणायच्या परवान्यावर, फिरतो. १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम गिऱ्हाइकाला वाजवी चाचणी आणि प्रात्यक्षिक दाखवायला मुभा देतात. चार दिवस शेजाऱ्याच्या अंगणात मुक्काम आणि मधल्या काळात ट्रॉली जोडून गावातून चक्कर, हे कोणत्या प्रात्यक्षिकात बसते? त्या चार दिवसांत शेजाऱ्याच्या पोराने ट्रॅक्टर नाल्यात घातला असता, तर विमा कंपनीने कुणाकडे बोट दाखवले असते? शेजाऱ्याला हे विचारले तर म्हणाला, ‘गाडी डीलरची, मला काय?’ डीलरला विचारले असते तर तो म्हणाला असता, ‘चावी शेतकऱ्याकडे होती.’

आमच्याकडे दसरा आणि पाडवा, ट्रॅक्टरच्या डिलिव्हऱ्या याच दोन दिवशी भरून निघतात. पूर्वसंमतीतली ती ओळ येत्या मुहूर्ताच्या आधी आली, तर त्या दिवशी हार घातलेल्या ट्रॅक्टरांना तिचा उपयोग होईल.

आपला,
मोसंबी आणि कापूस लावणारा एक शेतकरी
ता. अंबड, जि. जालना