कंबर मोजता, बाळंतपण विचारत नाही : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

तिशीपुढच्या तपासणीच्या फॉर्ममध्ये बाळंतपणाविषयीचे प्रश्न घाला, या आमच्या निवेदनाची पोच मिळाली. 'उचित कार्यवाहीस्तव संबंधित कक्षाकडे वर्ग.' दोन वर्षांपूर्वीही हीच ओळ आली होती, वर 'पुढच्या छपाईत रकाना घेऊ' हा तोंडी शब्दही. छपाई झाली, गठ्ठे आले, रकाना नाही. म्हणून आता चारचौघांत लिहितो आहोत.

तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजाराचा धोका ओळखण्याची प्रश्नावली, आशाताई भरतात. त्यात वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम आणि घरातला बीपी-शुगरचा इतिहास विचारतात. उत्तरांचे गुण ४ च्या वर गेले की तपासणीला आधी पाठवतात. बायकांसाठी वेगळे म्हणून काय, तर स्तनातली गाठ आणि अंगावरून जाणे. त्या स्तनामागे हृदयही असते, ही बातमी अजून छापखान्यापर्यंत पोचलेली दिसत नाही.

आम्ही मागितले चार प्रश्न. गरोदरपणात बीपी वाढले होते का, झटके आले होते का? साखर निघाली होती का? मूल ३७ आठवड्यांच्या आत झाले का? पाळी चाळिशीच्या आत गेली का, किंवा गर्भपिशवी काढली का? गरोदरपणात अंगातले रक्त जवळपास दीडपट होते. त्या भाराखाली ज्या रक्तवाहिन्या डगमगतात, त्या पुढेही दगा देतात. २० आठवड्यांनंतर बीपी १४०/९० च्या वर आणि लघवीत प्रथिने, अशा बाईला पुढे हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका साधारण दुप्पट, हृदय निकामी होण्याचा सुमारे चौपट. साखर निघालेलीला मधुमेहाचा धोका सात ते दहा पट. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०११ मध्येच हे धोक्याच्या यादीत घातले. आपल्याकडे निवेदन अजून कक्षाकडे वर्ग होते आहे.

आणि बाळंतीण? बीपी सर्वांत चढते ते तिसऱ्या ते सहाव्या दिवशी; आपण तिला ४८ तासांत घरी धाडतो. आशाताईंच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. बाळाचे वजन होते, ताप पाहिला जातो. आईचे बीपी मोजायला बहुतेकींच्या पिशवीत यंत्रच नाही. डोके ठणकले, डोळ्यांपुढे अंधारी आली, की घरचे म्हणतात बाळंतवारा. यंत्र द्याल तेव्हा मोठ्या दंडाचा पट्टाही द्या. जाड दंडावर लहान पट्टा बांधला तर आकडा उगाच वर जातो आणि मग कुणीच त्यावर विश्वास ठेवत नाही.

दीड महिन्याच्या लसीला आई बाळ घेऊन येतेच. गरोदरपणात साखर निघाली असेल तर तिथेच ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजावे, दोन तासांनी रक्त तपासावे. वेगळी चक्कर नको, वेगळी योजना नको, उद्घाटन तर नकोच. माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटे वाटण्याआधीही बीपी बघायला हवे; १४०/९० च्या वर असेल तर ती गोळी तिच्यासाठी नव्हे, तांबी किंवा दुसरा उपाय सुचवा.

बीडच्या ऊसतोड बायका आठवतात? २०१९ मध्ये नीलमताई गोऱ्हे यांच्या समितीपुढे पिशवी काढलेल्यांचा आकडा १३ हजारांच्या वर गेला होता. त्यांतल्या कितीतरी चाळिशीच्या आतल्या. बीजकोश राहिले तरी अशांची पाळी जाण्याचे वय अलीकडे सरकते आणि हृदयावरचा धोका वाढतो. पिशव्या मोजल्या, अहवाल झाला. त्यांचे बीपी दरवर्षी कोण बघणार, हे कुणाच्या कामात लिहिलेले आहे?

कुणाच्याच नाही, कारण गरोदर बाई एका खात्याची आणि पन्नाशीची हृदयरोगी दुसऱ्या खात्याची. बीपीचे सगळे आकडे ज्या माता-बाल कार्डावर आहेत, ते बाळाच्या लसी संपल्या की ट्रंकेत जाते. दहा-पंधरा वर्षांनी तीच बाई धाप लागते, जबडा दुखतो अशी हृदयविकाराची लक्षणे घेऊन येते आणि तिच्या हातावर ॲसिडिटीची गोळी पडते. 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' हे आपलेच घोषवाक्य. घर सुरक्षित झाले की मातेचे काय करायचे, तेही एकदा छापा.

पुन्हा पोच नको. फॉर्मचा सुधारित नमुना पाठवा.

आपले,
उपकेंद्रांत आणि ग्रामीण रुग्णालयांत काम करणारे काही डॉक्टर व परिचारिका